कुर्ल्यातली तीन फुटी फळी

ऑगस्ट २०२५ च्या पुरातला कुर्ल्याचा एक विमा क्लेम बंद झाला, पैसे विमाधारकाच्या खात्यात जमा झाले, माझी फीसुद्धा आली. कुणाचीच तक्रार नाही. तरी त्या अहवालाचं शेवटून दुसरं पान मला स्वस्थ बसू देत नाही. त्या पानावर मी एका माणसाचे साडेएकतीस हजार रुपये कापले आहेत. नियमाप्रमाणे कापले आणि हिशेबात एक रुपयाची चूक नाही. चुकतोय तो नियम, असं माझं मत झालं आहे, आणि ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी विमा सर्वेअर, मूळची सिव्हिल इंजिनिअर. नुकसान ठरावीक रकमेच्या वर गेलं की कंपनीला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना असलेल्या सर्वेअरकडून पाहणी करून घ्यावीच लागते. नेमणूक कंपनीची, फी कंपनीची, पण अहवाल माझ्या सहीचा. पावसाळ्यात आमच्या पिशवीत टेप, ओलावा मोजायचं यंत्र, वायरींचं इन्सुलेशन तपासायचा मेगर आणि सोबत गवंड्याची लेव्हल पाइप असते. ही शेवटची वस्तू हल्लीची मुलं नेत नाहीत. व्हिडिओ कॉलवर पाहणी उरकणाऱ्यांना ती नेताही येत नाही.

१८ आणि १९ ऑगस्टचा पाऊस मुंबईकरांच्या लक्षात असेल. मिठी नदी चढली, तिच्या काठच्या क्रांतीनगरमधल्या लोकांना हलवावं लागलं. पाणी ओसरल्यावर मला जे क्लेम आले, त्यात कुर्ला पश्चिमेच्या एका जुन्या चार मजली सोसायटीतलं तळमजल्यावरचं घर होतं. चारशे दहा चौरस फूट. मालक बेस्टच्या वीज विभागातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. मी गेले तेव्हा काकू खराट्याने चिखल दाराकडे ओढत होत्या आणि काका स्टुलावर चढून मेन स्विचच्या वायरी सोडवत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, चप्पल काढू नका. आणि भिंतीला हात लावू नका, मी अजून सगळं तपासलेलं नाही." ज्यांच्या घरात कालपर्यंत कमरेखाली पाणी होतं ते माझी काळजी करत होते.

पुराच्या घरात आधी भिंत वाचायची, सामान नंतर. गढूळ पाणी भिंतीवर एकच रेघ ठेवत नाही. सगळ्यात वर एक पुसट, तेलकट रेघ असते. तिथवर पाणी पोचलं, पण थांबलं नाही. तिच्याखाली एक जाड, मातकट रेघ. तिथे ते तासन् तास उभं होतं. वायरिंग पहिल्या रेघेने मरतं, प्लायवूड दुसरीने. दोन्ही रेघा वेगवेगळ्या मोजाव्या लागतात आणि आमच्यातले अर्धे लोक एकच मोजतात. या घरात वरची रेघ फरशीपासून ३१ इंचांवर होती. बाहेर फाटकाच्या खांबावर रस्त्यापासून ४० इंच. जोतं ९ इंचांचं. हिशेब तंतोतंत जुळला.

दुसरी गोष्ट लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या क्षारांची. भिंतीवर पांढरा लोणा फुटलेला असेल आणि पाणी कालच आलं असेल, तर ती ओल कालची नाही, कारण क्षार वर यायला आठवडे लागतात. काकांच्या मोरीच्या भिंतीवर लोणा होता. तेवढा तुकडा मी नुकसानीतून वगळला आणि तिथेच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, तो वरच्यांच्या संडासाचा गळतोय, तीन वर्षं सांगतोय सोसायटीला." विमा घेतलेला माणूस खोटं बोलणारच असं धरून चालणाऱ्या कंपनीतल्या लोकांना अशी वाक्यं ऐकायला मिळत नाहीत, कारण ते जागेवर येत नाहीत. लोकही आम्हाला त्रास देतात, नाही असं नाही. पाच फुटांवर टांगलेला टीव्ही भिजला म्हणून सांगणारा मला दरवर्षी भेटतो. पण त्या एकासाठी बाकीच्यांकडे संशयाने बघायचं, हा कुठला न्याय?

काकूंनी सांगितलं की पाणी आधी दारातून आलं नाही. पहाटे संडासाच्या भांड्यातून आणि नहाणीतून बुडबुडे येऊ लागले, मग काळं पाणी वर आलं. दारातून आलं ते त्यानंतर. मुंबईत तळमजल्यावर हे असंच होतं. नाले भरले, त्यात भरती असली की पाण्याला समुद्राकडे वाट उरत नाही, ते चेंबरमधून उलटं घरात शिरतं. आपल्या जुन्या नाल्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर पावसाची. ब्रिमस्टोवॅड या नाले सुधारण्याच्या महापालिकेच्या योजनेने ती ५० धरली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता.

नहाणीतून आलं म्हटल्यावर कंपनीचा क्लेम डेस्क प्रश्न काढणार हे मला माहीत होतं: हा पूर की घरातल्या पाइपाचा बिघाड? म्हणून लेव्हल पाइप. पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक फाटकाच्या खांबावरच्या रेघेला धरलं, दुसरं काकांनी स्वयंपाकघरातल्या रेघेला. दोन्हीकडे पाणी रेघेवर येऊन थांबलं. म्हणजे गल्लीतलं आणि ओट्याखालचं पाणी एकाच पातळीचं, एकच पाणी. तो फोटो अहवालात लावला. प्रश्न आला तेव्हा मी फक्त पानाचा नंबर कळवला. अशा फोटोचा मला आजही अभिमान वाटतो.

काकांची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' होती. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी द्यायला सांगितलं गेलं. पूर त्यात मुळातच धरलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो. चौरस फुटाला तीन हजार धरून १२ लाख ३० हजार. सामानाला त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४६ हजार, वस्तूंची यादी न देता. हप्ता वर्षाला काहीशे रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये गेला, घराच्या विम्यावरचा राहिला. त्या चार मजली इमारतीत अशी पॉलिसी असलेली घरं दोन. दोन्ही तळमजल्यावर, समोरासमोर. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवायला सांगितलं आहे, पुराचं नाव नाही, त्यामुळे सोसायटीची पॉलिसी विचारायची सोयच नव्हती.

मी निघाले तर फाटकाबाहेर मागच्या चाळीतल्या बायका उभ्या होत्या. एकीने माझा हात धरला. "मॅडम, आमचंपण लिहा ना. गादी, धान्य, पोराची पुस्तकं, सगळं गेलंय." मी सरकारी पंचनामा करत नाही, हे मला दरवेळी सांगावं लागतं आणि दरवेळी ते तोंडातून नीट निघत नाही. तलाठी आले तरी केंद्राच्या मदतनिकषांत कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर वाहून तरी गेलेलं हवं, पूर्ण पडलेलं तरी, नाहीतर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली. हा निकष कृष्णा-पंचगंगेच्या काठी एखाद्या वेळी लागू पडेल. कुर्ल्यात पाणी सकाळी चढतं आणि रात्री उतरतं. तेवढ्यात गादी, पीठ, फ्रीज, दप्तर, सगळं जातं. राज्य सरकार कधी कधी ही अट शिथिल करतं, पण त्यासाठी दरवेळी शासन निर्णय निघायची वाट बघायची. पिकांच्या विम्यासाठी सरकार हप्त्यात वाटा उचलतं. घरासाठी असं काहीच नाही. त्या बाईला मी तहसील कार्यालयात काय काय घेऊन जायचं ते लिहून दिलं. त्याहून जास्त माझ्या हातात नव्हतं.

दुरुस्ती झाल्यावर बिलं तपासायला पुन्हा गेले तेव्हा काकांचं घर ओळखू येईना. सगळे प्लग पॉइंट पाच फुटांवर. वायर फरशीतून किंवा भिंतीच्या तळातून कुठेच नाही, सगळी छताकडून खाली सोडलेली. मीटरची पेटी दरवाज्याच्या वर. ओट्याखाली प्लायच्या ट्रॉल्या होत्या तिथे कडाप्प्याच्या फळ्या आणि स्टीलचे रॅक, पाणी आलं तर धुऊन पुसायचे. संडास-मोरीची लाइन चेंबरला मिळते तिथे पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. आणि दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे चॅनल, त्यात वरून सरकवायची तीन फुटी फळी, खाली रबराची जाड पट्टी. काकांनी ती मला लावून दाखवली. एका माणसाला मिनिटभरात लागते.

मी इंजिनिअर म्हणून सांगते, हा विचार पूर्ण होता. नुसती फळी लावणारे खूप बघितले. पाणी नहाणीतून वर येतं आणि फळी त्याला आत कोंडून ठेवते. व्हॉल्व्हशिवाय फळीला अर्थ नाही. तीन फुटांच्या वर नेली तर पाण्याचा दाब जुन्या विटांच्या भिंतीवर येतो, म्हणून तिथेच थांबायचं. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं सबस्टेशनात पाणी शिरताना बघितलंय."

आता अहवालातल्या त्या पानावरचा कपातीचा तक्ता. प्लास्टर आणि रंग ५८ हजार, मंजूर. वायरिंगचं बिल ४६,५००. पूर्वी होतं तसंच केलं असतं तर ३८ हजारांत झालं असतं, म्हणून ८,५०० कमी. व्हॉल्व्ह ९,२०० आणि फळी १३,८००, दोन्ही पूर्ण नामंजूर, कारण पुराआधी घरात त्या वस्तू नव्हत्या. बेरीज साडेएकतीस हजार. आमच्या भाषेत ही 'बेटरमेंट', म्हणजे सुधारणा. विमा माणसाला नुकसानीआधी होता तिथे आणून उभा करतो, त्याच्या पुढे नेत नाही. पुढे नेलं तर लोक नुकसानीची वाट बघतील, हे त्यामागचं कारण, आणि आगीच्या किंवा गाडीच्या क्लेममध्ये मला ते पटतं.

ओट्याचं मात्र उलटं होतं. जुन्या ट्रॉल्या तशाच करायच्या तर ७२ हजार. काकांचा कडाप्पा आणि रॅक मिळून ५४ हजार. क्लेम डेस्कवरच्या तरुणाचं म्हणणं, प्रकारच बदलला, त्यामुळे हेही सुधारणेत टाका. मी नाही टाकलं. माणूस कमी खर्चात जास्त टिकाऊ वस्तू करतो, कंपनीचे १८ हजार वाचवतो, आणि त्याला शून्य द्यायचं? वाद बराच चालला. शेवटी ५४ हजार मंजूर झाले. सामानाचे ९४ हजार मिळवून आणि भंगाराच्या किमतीचे ४ हजार वजा जाऊन काकांना एकूण २ लाख ४० हजार मिळाले.

समोरच्या घरात एक तरुण जोडपं, दोघंही नोकरीवर. त्यांनी सुताराला बोलावून होतं तसं करून घेतलं. तेच प्लाय, तोच सनमायका, पॉइंट त्याच जागी, फरशीपासून फूटभर वर. त्यांचं बिल एका प्रश्नाशिवाय पास झालं. त्यांना बोल लावायचा नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. पण पुढच्या वेळी पाणी त्याच रेघेपर्यंत आलं तर त्यांच्या घरात कंपनी पुन्हा तेवढीच रक्कम मोजणार, आणि काकांच्या घरात बहुधा रंगाचे चार पैसे. म्हणजे जो कंपनीचे पुढचे पैसे वाचवतो त्याच्याच हातून आम्ही पैसे काढून घेतले.

मी काकांना कपात समजावून सांगितली. त्यांनी तक्ता नीट वाचला, बेरीज तपासली आणि म्हणाले, "मॅडम, म्हणजे पुन्हा भिजायचे पैसे तुम्ही देता. कोरडं राहायचे देत नाही." आवाज चढला नव्हता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुराच्या विम्यात सरकार उतरायला हवं, असं आमच्या व्यवसायात आता बरेच जण म्हणतात. मलाही तसं वाटतं. नुसत्या बाजारावर सोडलं तर मिठीकाठच्या तळमजल्याला उद्या कुणी पॉलिसीच देणार नाही, किंवा देईल ती परवडणार नाही. पण सरकारने उतरून तरी काय होतं, हे अमेरिकेकडे बघून कळतं. तिथे १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे. घराला अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख डॉलरपर्यंत. २००५ मध्ये, आपल्या २६ जुलैनंतर साधारण महिन्याभराने, कतरिना हे चक्रीवादळ आलं आणि ती योजना कर्जात गेली. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने १६ अब्ज डॉलर माफ केले, तरी २० अब्जांच्या वर देणं उरलं. एक कारण हप्ता वर्षानुवर्षं धोक्यापेक्षा कमी ठेवला हे, आणि दुसरं, जे मी कुर्ल्यात बघते तेच: थोडीच घरं पुन्हा पुन्हा बुडतात, दरवेळी होती तशी बांधली जातात, आणि भरपाईचा फार मोठा वाटा तीच खातात. २०२१ पासून त्यांनी हप्ता घराच्या उंचीवर, पाण्यापासूनच्या अंतरावर ठरवायला घेतला. राहत्या घराचा हप्ता वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही अशी कायद्याची मर्यादा आहे, म्हणजे खऱ्या दरापर्यंत पोचायला वर्षं लागणार. शिवाय योजनेची मुदत संसदेने थोडी थोडी वाढवत न्यायची. सप्टेंबर २०२५ अखेर ती संपली आणि नोव्हेंबरपर्यंत नवीन पॉलिसी देणंच बंद होतं. आपल्याकडे योजना आणायची तर हे आधी वाचून आणावी.

तिथे एक चांगली तरतूदही आहे. घर उंच करायला किंवा हलवायला ३० हजार डॉलरपर्यंत वेगळे मिळतात. पण साधारणपणे त्यासाठी घराचं नुकसान त्याच्या किमतीच्या निम्म्यावर जावं लागतं. काकांचं नुकसान विम्याच्या एकूण रकमेच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यांना ती तरतूद लागूच झाली नसती. ब्रिटनने यापेक्षा शहाणपण दाखवलं. तिथे २०१६ पासून 'फ्लड री' आहे: विमा कंपन्या पुराचा धोका एका सामाईक निधीकडे सोपवतात, त्यामुळे बुडणाऱ्या भागातल्या घरालाही परवडेल असा हप्ता मिळतो. १ जानेवारी २००९ पासून बांधलेली घरं त्यात घेत नाहीत, म्हणजे पूररेषेत नवीन बांधणाऱ्याला मदत नाही. २०३९ मध्ये ती बंद करायची हेही आधीच ठरलेलं आहे. आणि २०२२ पासून दुरुस्तीच्या खर्चाव्यतिरिक्त १० हजार पौंडांपर्यंत फक्त पुढच्या पुरापासून बचाव करायला देता येतात: उंच पॉइंट, दाराची फळी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वाचताना मला काकांचं घर दिसत होतं. मी कापलेली प्रत्येक ओळ तिथे देता आली असती.

यातला एक परिच्छेद मी अहवालाच्या शेऱ्यात लिहिला. दोन दिवसांनी फोन आला: अहवालात मत नको, तो भाग काढा. मी नम्रपणे नाही म्हटलं. नुकसान कशामुळे झालं आणि कशामुळे टळेल हे सांगणं सर्वेअरच्या कामातच येतं. परिच्छेद राहिला. कुणी वाचला असेल का, याची मला शंका आहे.

माझी मागणी मोठी नाही. सरकार योजना आणेल तेव्हा आणो, तिच्यात चाळीतली ती बाई असायलाच हवी आणि तिच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. पण आजच्या पॉलिसीतही एक कलम घालता येईल: पुराच्या मंजूर भरपाईवर आणखी पंधरा टक्क्यांपर्यंत, बिलं दाखवून, ठरलेल्या यादीतल्या बचावाच्या कामांना. काकांच्या हिशेबात ते ३६ हजार होतात. त्यांचे साडेएकतीस हजार त्यात बसले असते.

तोवर मी एक गोष्ट सुरू केली आहे. पुराच्या प्रत्येक अहवालाला एक जास्तीचं पान जोडते. डावीकडे सुधारणा म्हणून कापलेली कामं आणि त्यांचा खर्च, उजवीकडे पाणी पुन्हा त्याच रेघेपर्यंत आलं तर त्या कामांमुळे टळणारं नुकसान, बाबवार. काकांच्या पानावर डावीकडे ३१,५०० आहेत, उजवीकडे वायरिंग, ओटा आणि सामान मिळून १ लाख ८६ हजार. फळीची परीक्षा अजून झालेली नाही, तेही खाली स्पष्ट लिहिलं आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी सर्वेअर असतील तर त्यांनीही असं पान जोडावं. नमुना मी देईन. एकटीच्या अहवालांतून कुणी नियम बदलत नाही. पन्नास जणांच्या अहवालांतून एकाच नमुन्यात तेच आकडे निघाले, तर नियम करणाऱ्यांपुढे ठेवायला काहीतरी हातात येईल.